परडं आणि पुस्तक

आमच्या कोल्हापुरात पावसाला वय असतं. पुनर्वसूचा तो तरणा पाऊस आणि त्याच्यामागून येणारा पुष्याचा तो म्हातारा. मग आश्लेषाचा आसळकाचा, मघाचा सासूंचा, पूर्वाचा सुनांचा. जुलैच्या पहिल्या आठवड्यात तरणा लागला की पंधरवडाभर घराबाहेर पडायचं ते कामापुरतंच. कपडे वाळत नाहीत, मिठाला पाणी सुटतं आणि भेटेल तो एकच विचारतो, ‘‘पाणी किती फुटावर गेलं?’’ राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा 39 फुटांवर गेली की इशारा आणि 43 फुटांवर गेली की धोका, हे इथल्या पोराटोरांनाही तोंडपाठ असतं.

मुलांबरोबर घालवायला मला हेच दिवस सगळ्यांत मोलाचे वाटतात. उन्हाळ्यात मुलं गावभर असतात, शिबिरं असतात, मामाचं गाव असतं. दिवाळीनंतर स्नेहसंमेलनं आणि परीक्षा. तरण्यात मात्र घर, घरामागचं परडं आणि पुस्तकं एवढंच हाताशी उरतं. पाऊस उघडला की परड्यात आणि लागला की पुस्तकात, असा आमच्या घराचा क्रम बरीच वर्षं चालत आला आहे. तो कुणी बसून ठरवलेला नव्हता. पण आता खात्रीनं सांगता येतं की ही दोन्ही कामं एकमेकांच्या आधारानं वाढली. नुसती बाग केली असती तर ती चार दिवसांची हौस झाली असती. नुसतं वाचन लावून दिलं असतं तर मुलांच्या लेखी तो अभ्यासाचा आणखी एक तास झाला असता.

सुरुवात मिरगापासून होते. आमचं परडं काही मोठं नाही. न्हाणीघराच्या मागून दगडी गडग्यापर्यंतची एक पट्टी. त्यात लिंबू, कढीपत्ता, शेवगा आणि न्हाणीच्या पाण्यावर पोसलेलं अळू. उरलेली जागा पोरांची. सासूबाई भुदरगडाकडच्या, त्यामुळे बी विकत आणायचं त्यांच्या जिवावर येतं. भोपळ्याच्या आणि काकडीच्या बिया त्यांनी शेणात थापून भिंतीला वाळवलेल्या असतात. घेवडा राखेत घोळून गाडग्यात भरलेला असतो. एखादा दोडका वेलावरच वाळू दिलेला असतो, तो कानाशी हलवला की आत बिया खुळखुळतात. गेल्या वर्षी जो वेल आपण गडग्यावर चढवला त्याचंच हे बी, एवढं कळलं की मुलाचा हात बी टाकताना आपोआप जपून चालतो.

घेवडा आणि हरभरा एकाच दिवशी शेजारी शेजारी टोकून बघावेत, असं मी प्रत्येक आईबापाला सांगते. हरभऱ्याचा हा हंगाम नव्हे, पीक यायचं नाही, पण उगवण दिसते तेवढी पुरे. चार-सहा दिवसांत घेवड्याच्या जागी माती जराशी फुगते, तिला भेग पडते आणि त्या भेगेतून पांढरट हिरवी कमान वर येते. डोकं अजून खालीच असतं. मग कमान सरळ होते आणि बियांच्या दोन्ही डाळी माती झटकत वर उचलल्या जातात. कधी कधी बियांचं साल टोपीसारखं अडकून राहतं. हरभरा असं काही करत नाही. त्याची डाळ मातीतच राहते आणि बारीक पानांचा कोंब तेवढा वर येतो. आमच्या धाकटीनं हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तिला वाटलं, हरभऱ्याचं काहीतरी चुकलं. ती काडी घेऊन उकरायला बसली.

‘‘उकरू नगंस बाळा,’’ सासूबाई म्हणाल्या. ‘‘त्यो खालनंच खातोय. घेवडा शिदोरी डोक्यावर घेऊन निघतोय, हरभरा घरात ठेवतोय.’’

त्या संध्याकाळी पाऊस लागला आणि थोरल्याच्या विज्ञानाच्या पुस्तकात बीजपत्रांची आकृती सापडली. बीजपत्र हा शब्द त्यानं परीक्षेसाठी पूर्वीच पाठ केला होता. त्या दिवशी त्यानं तो धाकटीला समजावून सांगितला, आज्जीच्या शिदोरीसकट. पाठ केलेलं समजायला कधी कधी एक वाफा पुरतो.

बागकामाच्या बाबतीत आम्ही कोल्हापूरकर भाग्यवान आहोत, कारण घराघरांतून शेतीचं विज्ञान उभं राहू शकतं हे सांगणारा माणूस आमच्या गावात राहत होता. श्रीपाद अच्युत दाभोलकर मूळचे गणिताचे शिक्षक. गारगोटीच्या मौनी विद्यापीठात त्यांनी काम केलं. त्यांनी ‘प्रयोग परिवार’ उभा केला. साध्या शेतकऱ्यांनी आणि गृहस्थांनी आपापल्या मळ्यात, अंगणात प्रयोग करायचे, नोंदी ठेवायच्या, त्या एकमेकांना दाखवायच्या आणि त्यातून सगळ्यांनी शिकायचं. महाराष्ट्रातल्या द्राक्षबागांच्या वाढीत या परिवाराचा मोठा वाटा आहे. 1985 मध्ये त्यांना जमनालाल बजाज पुरस्कार मिळाला. दहा गुंठ्यांत, म्हणजे पाव एकरात, एका कुटुंबाचं नीट भागू शकतं असं ते मांडत आले. ‘विपुलाच सृष्टी’ हे त्यांचं पुस्तक आमच्या कपाटात आहे आणि पानापानावर मातीच्या बोटांचे ठसे आहेत.

दाभोलकरांचा सगळा भर पानावर होता. झाडाची कमाई म्हणजे पानानं पकडलेलं ऊन, आणि ती कमाई कुणालाही मोजता येते. आमच्या मुलांनी त्यांच्याकडून घेतलं ते एवढंच. गणिताच्या चौकड्यांच्या वहीवर भोपळ्याचं पान ठेवायचं, पेन्सिलनं कडेकडेनं गिरवायचं, पूर्ण चौकोन मोजायचे, अर्धे दोन-दोन मिळवून धरायचे. त्याच वेलाचं पान पुढच्या आठवड्यात पुन्हा गिरवायचं. पावसाची झड लागून सलग ढग राहिले की वेल कसा रेंगाळतो आणि चार दिवस उघडीप मिळाली की पान कसं पसरतं, हे त्या आकृत्यांमधून डोळ्यांना दिसतं. थोरल्याला क्षेत्रफळ आवडायला लागलं ते या भोपळ्यामुळे. आमच्या घरात ती वही आता कुलदैवताच्या फोटोशेजारी असते, पावसानं भिजू नये म्हणून.

आता पुस्तकांकडे येते. कोल्हापूर म्हटलं की लोकांना तांबडा-पांढरा, कुस्ती आणि चपला आठवतात. त्यांचा मान त्यांना आहेच. पण भवानी मंडपाजवळचं करवीर नगर वाचन मंदिर 1850 सालचं आहे, हे बाहेरच्यांनाच काय, गावातल्याही पुष्कळांना ठाऊक नसतं. 1917 मध्ये राजर्षी शाहू महाराजांनी संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. 1945 मध्ये कोल्हापूर संस्थानानं सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला, आणि तो भारतातला पहिला ग्रंथालय कायदा मानला जातो. ज्या गावाची ही पूर्वपीठिका आहे, त्या गावच्या घरात संध्याकाळी अर्धा तास मोठ्यानं वाचन होऊ नये, याचं मला मनापासून दुःख होतं. पुस्तक विकत घेऊन मुलाच्या हातात दिलं की आपलं काम झालं, असं आपण धरून चालतो. मुलाला पुस्तकाबरोबर आपला आवाज हवा असतो. वाचता येणाऱ्या मुलालाही हवा असतो. थोरला सातवीत गेला तरी धाकटीसाठी वाचायला बसलं की तो येऊन भिंतीला टेकतो. मी त्याला काही म्हणत नाही, पण आवाज थोडा वाढवते.

आमच्या वाचनाला यादी नाही. बालभारतीचं ‘किशोर’ मासिक 1971 पासून निघतंय. त्याचे जुने अंक आता इंटरनेटवर फुकट वाचायला मिळतात, पण घरी येणाऱ्या कागदी अंकासाठी मुलं जशी भांडतात, तशी पडद्यावरच्या अंकासाठी भांडत नाहीत. माधुरी पुरंदरे यांचं ‘वाचू आनंदे’ आम्ही वाचण्याइतकंच बघतो, कारण त्यात मजकुराच्या सोबतीला भारतीय चित्रकारांची उत्तमोत्तम चित्रं आहेत. फास्टर फेणेची तर पारायणं झाली. मला स्वतःला दुर्गाबाई भागवतांचं ‘ऋतुचक्र’ त्या त्या महिन्यात काढून वाचायची सवय आहे. त्यातली भाषा मुलांना पेलत नाही, म्हणून मी वाचते आणि त्यांना सांगते. सांगताना उठून खिडकीशी जावं लागतं, कारण दुर्गाबाईंनी लिहिलेलं बहुतेक सगळं बाहेर चालूच असतं.

पण ज्या पुस्तकानं आमच्या परड्यात खरा बदल केला ते जपानचं आहे. तेत्सुको कुरोयानागी यांचं ‘तोत्तोचान’. चेतना सरदेशमुख गोसावी यांनी ते मराठीत आणलं. तोमोई या शाळेत प्रत्येक मुलाचं चढायचं स्वतःचं एक झाड असतं, हे वाचल्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे वाटणी झाली. लिंबू धाकटीचं, शेवगा थोरल्याचा, कढीपत्ता शेजारच्या भाचीचा. शेवग्यावर चढू नये, लाकूड ठिसूळ असतं, एवढी अट सासूबाईंनी घातली. त्याच पुस्तकात मुख्याध्यापक कोबायाशी मुलांना शेतावर नेतात आणि तिथल्या शेतकऱ्याची ओळख आजचे शिक्षक म्हणून करून देतात. शेतकरी संकोचतो, मी कसला शिक्षक म्हणतो. कोबायाशी त्याला सांगतात की शेतीबद्दल तुम्हीच आमचे शिक्षक. मी हे वाचत होते तेव्हा सासूबाई पलीकडे लसूण सोलत बसल्या होत्या. धाकटीनं वाचन थांबवलं आणि विचारलं, ‘‘आज्जी, तू आमची बाई होशील?’’

सासूबाई चौथीपर्यंत शिकलेल्या. त्यांनी लसूण बाजूला ठेवला, पदर सारखा केला आणि म्हणाल्या, ‘‘व्हईन की. पर गृहपाठ करावा लागंल.’’

तेव्हापासून गृहपाठ असतो. तण कुठलं आणि भाजी कुठली ते ओळखायचं. पोकळा, तांदळी आणि राजगिरा लहान असताना एकसारखे दिसतात, ते देठावरून आणि पानाच्या ठेवणीवरून सांगायचे. कुठल्या नक्षत्रात काय पेरतात ते वहीत उतरवायचं. सासूबाई सांगतात, धाकटी लिहिते, आणि आजवर कुठल्याही पुस्तकात न आलेलं पुष्कळसं आमच्या घरच्या एका दोनशेपानी वहीत आलं आहे. मुलांनी वाचायचं असतं तसं घरच्या म्हाताऱ्या माणसांचं ऐकून लिहायचंही असतं. वाचनाची दुसरी बाजू तीच आहे.

इथं लीलाताई पाटलांचं नाव घेतल्याशिवाय मला पुढं जाता येणार नाही. ना. सी. फडक्यांची ही मुलगी. शिक्षक घडवण्याच्या कामात आयुष्याची बरीच वर्षं घालवून त्यांनी 1985 मध्ये कोल्हापुरात ‘सृजन आनंद विद्यालय’ सुरू केलं. मराठी माध्यमाची प्राथमिक शाळा, आणि शिकणं मुलाच्या भोवतालाशी जोडलेलं. मुलांनी पाहावं, हातानं करावं, प्रश्न विचारावेत आणि आपल्या शब्दांत लिहावं, याचा आग्रह त्यांनी अखेरपर्यंत धरला. ‘ऐलमा पैलमा शिक्षणदेवा’ या त्यांच्या पुस्तकानं पुष्कळ शिक्षकांना आणि पालकांना बळ दिलं. 2020 च्या जूनमध्ये त्या गेल्या. त्यांच्याकडून आम्ही घरासाठी एक नियम उचलला आहे, तो असा की मुलाच्या नोंदवहीतलं शुद्धलेखन लाल शाईनं दुरुस्त करायचं नाही. धाकटीनं ‘घेवडयाला तहाण लागली’ असं लिहिलं तर त्या दिवशी घेवड्याला पाणी घालायचं. ‘तहान’ पुढं वाचनातून आपोआप सुधारते, आणि सुधारली.

या सगळ्याची खरी परीक्षा लिंबाच्या झाडावर झाली. श्रावणात लिंबाला कोवळी पालवी फुटली आणि त्या पालवीवर पाखराच्या शिटेसारखं काहीतरी दिसलं. थोरल्यानं काडीनं हलवलं तर ते हललं. अळी होती. चार दिवसांनी ती हिरवीगार झाली, पानाच्या रंगात मिसळून गेली, आणि बोट लावल्यावर डोक्यामागून तांबूस दुभंगलेलं शिंग बाहेर काढून तिनं असा उग्र वास सोडला की भाची ओरडून मागं सरली. सासूबाईंचं म्हणणं सरळ होतं. कोवळी पालवी गेली तर झाड मागं पडतं, अळ्या वेचून टाका. झाड धाकटीच्या वाटणीचं होतं. तिला अळ्या हव्या होत्या आणि लिंबंही. घरात दोन दिवस यावर चर्चा चालली आणि ती मुलांच्या समोर, मुलांना धरून चालली, याचा मला आजही आनंद वाटतो. शेवटी आज्जीबाईंनीच तोड काढली. गडग्याकडची एक फांदी अळ्यांची, बाकीचं झाड आपलं. बाकीच्या झाडावरच्या अळ्या धाकटीनं स्वतः उचलून त्या फांदीवर नेऊन सोडल्या.

मग पुस्तकांची शोधाशोध सुरू झाली. काळ्या अंगावर पिवळे ठिपके असलेलं जे फुलपाखरू लिंबाभोवती घिरट्या घालतं, त्याचीच ही पिल्लं, हे सापडलं. 2015 मध्ये महाराष्ट्रानं राज्य फुलपाखरू म्हणून मान दिलेलं ब्ल्यू मॉरमॉनही लिंबाच्याच कुळातल्या झाडांवर वाढतं, हे कळल्यावर तर त्या फांदीचा रुबाब वाढला. एका अळीनं कोष केला. रेशमाच्या एका बारीक दोरीनं ती काडीला कंबरेत बांधलेली होती, आणि ती दोरी बघायला गल्लीतली पोरं छत्र्या घेऊन आली. आठ-दहा दिवसांनी सकाळी कोष उललेला होता आणि फुलपाखरू पंख वाळवत बाजूला बसलं होतं. ते उडेपर्यंत कुणी शाळेच्या रिक्षात बसायला तयार नव्हतं. रिक्षावाले मामाही उतरून परड्यात आले.

दिवाळीत हीच माती किल्ल्याला लागते. कोल्हापूरच्या पेठांतून किल्ले करायचं वेड काय असतं ते इथं वाढलेल्यालाच ठाऊक. दगड रचायचे, वर गोणपाट टाकायचं, चिखल थापायचा, कुंभार गल्लीतून मावळे आणायचे आणि तट हिरवा दिसावा म्हणून चार दिवस आधी अळीव टाकायचा. एका वर्षी मुलांनी पन्हाळा केला. सिद्दी जौहरचा 1660 चा वेढा, शिवा काशीद, बाजीप्रभू, हे सगळं वाचून झालं होतं. चिखल थापताना धाकटीनं विचारलं, ‘‘चार महिने गडावरची माणसं जेवत काय होती?’’ मावळे आणि तलवारी मांडताना आम्हा मोठ्यांच्या हे मनातही आलं नव्हतं. बी-बियाण्यांत वाढलेल्या पोरीच्या मनात ते पहिलं आलं. पुढच्या रविवारी आम्ही पन्हाळ्यावर गेलो आणि थेट अंबरखान्यात शिरलो. गंगा, यमुना, सरस्वती ही तिथल्या धान्याच्या कोठारांची नावं. त्या जाड भिंतींच्या आत उभं राहून मुलांनी कोठार किती फूट लांब असेल ते पावलांनी मोजलं आणि वहीत लिहिलं. परत आल्यावर किल्ल्यावर ज्वारीचे दाणे भरलेली तीन कोठारं झाली.

परडं नसलेल्यांनी हे वाचून हळहळू नये. ताराबाई पार्कातल्या, राजारामपुरीतल्या फ्लॅटमध्येही नवरात्रात घट बसतातच. पत्रावळीवर माती, तीत धान्य, आणि नऊ दिवसांत वीतभर कोंब. मुलानं रोज सकाळी पट्टीनं तो कोंब मोजला तरी सुरुवात झाली. गच्चीवर पोत्यात माती भरून मेथी टाकता येते, वर उसाचं पाचट पसरलं की ओल टिकते, आणि पाचटाला आपल्या जिल्ह्यात काय तोटा? मी एकाच गोष्टीबद्दल ठाम आहे. या कामाला स्पर्धा, गुण आणि बक्षीस लावू नये. कुणाचा भोपळा मोठा, कुणाची पुस्तकं जास्त, हे सुरू झालं की मूल आपल्याकडे बघत काम करायला लागतं आणि झाडाकडे बघायचं थांबतं. मोबाईलवर फोटो टाकण्यासाठी मुलाच्या हाती झारी देऊ नये. आपणही चिखलात बसावं. आपल्याला ज्यात रस नाही ते मुलाला लावायला गेलो, तर मुलाला ते पहिल्या दिवशीच कळतं.

7-8 जूनला मिरग निघेल. त्याआधी एकदा मुलांना घेऊन लक्ष्मीपुरीत जा, मूठभर घेवडा, मूठभर हरभरा आणि पेलाभर मेथी घ्या. येताना भवानी मंडपाकडून या आणि वाचन मंदिरात मुलाचं नाव घाला. घरात कुणी म्हातारं माणूस असेल तर त्यांना आधीच सांगून ठेवा, की यंदा शिकवायला तुम्हीच आहात.